भारतरत्न विश्वेश्वरय्या आणि पाण्याचा हिशेब

श्रावणाच्या दिवसांत सुरतेस तापीवरील पुलावर उभे राहिले असता एक प्रश्न हमखास कानी पडतो. गढूळ पाण्याकडे पाहत थांबलेली मंडळी एकमेकांस विचारीत असतात की, उकाईहून आज किती पाणी सोडले? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो. पुलाखालून वाहणारे पाणी आज कोठवर चढेल आणि आपल्या गल्लीत येईल की नाही, हे पुष्कळसे त्या उत्तरावर अवलंबून असते.

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे खानदेशात आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून आपले आजोबा-पणजोबा पोटापाण्यासाठी सुरतेस आले. पांझरा, गिरणा, वाघूर, बुराई या ज्या नद्यांच्या काठी ते वाढले, त्या सर्व नद्याही अखेरीस तापीला मिळून सुरतेसच येतात. मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या तापीच्या खोऱ्याचा बहुतांश भाग महाराष्ट्रात आहे. त्या पाण्याचा लोंढा मात्र सुरतेच्या दाराशी येऊन थांबतो. म्हणून नदीचे पाणी कसे अडवावे, केव्हा सोडावे आणि कोणास किती द्यावे, ही विद्या आपणा सुरतकरांस परकी नाही.

या विद्येचा आपल्या देशातील एक थोर आचार्य म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे नाव घेतले की आपणांस म्हैसूरचे कृष्णराजसागर धरण आठवते. परंतु त्यांच्या नोकरीचा आरंभ तापीच्याच खोऱ्यात, पांझरेच्या काठी झाला होता आणि पुढे काही काळ ते या सुरत शहरीही अभियंता म्हणून काम करीत होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. त्यांचे चरित्र आपण जाणून घ्यावे, याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण लेखाच्या अखेरीस येईल.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात झाला. हे गाव आज कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात आहे. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरी विद्या होती, पण संपत्ती नव्हती. त्यातच लहानपणी वडिलांचे छत्र हरपले. माता व्यंकटलक्ष्मम्मा यांनी धीर सोडला नाही. मुलगा शिकलाच पाहिजे, हा त्यांचा निश्चय होता. मुलाला बंगळूर येथे मामांच्या आश्रयाने पुढील शिक्षण घेता आले. कॉलेजात शिकत असताना विश्वेश्वरय्या दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून आपला खर्च भागवीत. इ. स. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले.

त्यांची हुशारी पाहून म्हैसूर सरकारने त्यांस शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी आले. हेच कॉलेज पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. इ. स. १८८३ च्या परीक्षेत विश्वेश्वरय्या साऱ्या मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या यशामुळे मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची नोकरी त्यांच्याकडे आपण होऊन चालत आली. इ. स. १८८४ मध्ये साहाय्यक अभियंता म्हणून ते नाशिक येथे रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

लवकरच त्यांस खानदेशात पाठविण्यात आले. तेथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाटाचे पाणी पलीकडे नेण्यासाठी जमिनीत नळ बसवावयाचे होते. पाणी एका बाजूने खाली उतरून, प्रवाहाच्या तळाखालून जाऊन, दुसऱ्या बाजूने आपोआप वर चढावे, अशी ही योजना. तिला सायफन म्हणतात. काम लहान होते, पण वेळ अवघड होती. पावसाळा चालू होता. खणलेले चर वाळूने भरून जात आणि वरून पूर येई. हे काम पावसाळा संपल्यावर करावे, असे त्या तरुण अभियंत्यास प्रथम वाटले व त्यांनी तसे कळविलेही. वरिष्ठांस ते रुचले नाही. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी आपले मत बाजूस ठेविले आणि पुराशी झगडत ते काम पुरे केले. आयुष्यातील पहिल्याच कामात त्यांस एक धडा मिळाला. नदी माणसाच्या सोयीची वाट पाहत नाही. माणसासच नदीचे वेळापत्रक शिकून घ्यावे लागते.

त्या काळी पांझरेच्या काठी आणखी एक गोष्ट शतकानुशतके चालत आली होती. ती म्हणजे खानदेशातील फडपद्धती. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालावयाचे, त्यांतून पाट काढावयाचे, पाटाखालील जमिनीचे फड पाडावयाचे आणि यंदा कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, हे गावाने एकत्र बसून ठरवावयाचे, अशी ही रीत होती. पाणी वाटण्याचे काम पाटकऱ्याकडे असे. जोराचा असेल त्याने आधी घ्यावे, असा न्याय तेथे चालत नसे. नदीला पाणी कमी असेल तर त्या वर्षी फड कमी भिजत; पण जी टंचाई येई ती सर्वांच्या वाट्यास येई. पुढे विश्वेश्वरय्यांनी कालव्यांसाठी जी पद्धत आखली तिच्याशी या जुन्या रीतीचे साम्य सहज ध्यानात येते.

इ. स. १८९३ मध्ये सरकारने त्यांस सिंध प्रांतातील सक्कर शहरी पाठविले. सिंधू नदीचे पाणी अत्यंत गढूळ आणि ते गाळून शुद्ध करण्याइतका पैसा नगरपालिकेजवळ नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूच्या थरांतून आपोआप गाळून येणारे पाणी गोळा करण्याची युक्ती योजिली. जे काम यंत्रांनी झाले असते ते त्यांनी नदीच्या वाळूकडून करून घेतले. इ. स. १८९५ मध्ये हे काम सिद्धीस गेले.

त्यानंतर काही काळ त्यांची नेमणूक सुरतेस झाली. सुरत हे नदीकाठचे शहर असले तरी नळाचे पाणी हा त्या काळी शहरापुढील मोठा प्रश्न होता. सुरतेच्या पाणीपुरवठ्याच्या कामात विश्वेश्वरय्यांनी लक्ष घातले. पांझरेचे पाणी ज्या नदीतून वाहत येते तिच्याच मुखाशी वसलेल्या शहरास पाणी पुरविण्याचे काम त्यांच्याकडे यावे, हा योगायोग खरा. पण त्यामुळे नदीचे वरचे आणि खालचे अशी दोन्ही टोके त्यांच्या परिचयाची झाली.

पुढे पुण्यास आल्यावर त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. भाटघर धरणाचे पाणी नीरा कालव्यास मिळत असे. कालवा झाला, तरी पाण्याचा उपयोग नीट होत नव्हता. पाऊस चांगला झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसत. पाऊस दडी मारून बसला की सगळेच एकदम पाणी मागत. ज्यांस पाणी मिळे ते उसाला गरजेहून अधिक पाणी देत. त्यामुळे काही जमिनी चिबड झाल्या आणि पाटाच्या शेपटीकडील गावे कोरडीच राहिली. इ. स. १८९९ साली दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले, तेव्हा या अव्यवस्थेची किंमत किती भयंकर असते ते साऱ्यांस दिसले.

तेव्हा विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धती सुचविली. चांगल्या निचऱ्याच्या जमिनी निवडून त्यांचे ठरावीक गट पाडावयाचे, प्रत्येक गटास काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावयाची आणि गटाच्या एका भागातच उसासारखे बारमाही पीक घेऊन बाकीच्या भागात कमी पाण्याची पिके आळीपाळीने घ्यावयाची, असा तिचा सारांश होता. यामुळे एकाच गावात सारे पाणी न मुरता ते अनेक गावांस मिळू शकणार होते. शेतकऱ्यांस ही गोष्ट आरंभी आवडली नाही. हवे तितके पाणी घेण्याची मोकळीक जाणार म्हणून पुष्कळांनी विरोध केला. विश्वेश्वरय्यांनी सभा घेऊन लोकांस हिशेब समजावून सांगितला. पाण्याची हमी असली की शेतकरी खतमुतास पैसा घालू शकतो, ही गोष्ट हळूहळू लोकांस पटली. इ. स. १९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली जो सिंचन आयोग नेमण्यात आला होता, त्याचेही लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले.

याच सुमारास त्यांनी खडकवासल्यास आपली प्रसिद्ध स्वयंचलित दारे बसविली. खडकवासल्याचे धरण मुठा नदीवर एकोणिसाव्या शतकात बांधले गेले होते. त्याचे पाणी पुणे शहरास व कालव्यास मिळे. पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाया जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. मग सांडव्याची भिंतच का वाढवू नये? कारण भिंत वाढविली तर मोठा पूर आल्यास पाण्यास वाट मिळणार नाही आणि धरणासच धोका पोचेल. पाणी अधिक साठवावे तर पुराचे भय, पुरास वाट ठेवावी तर साठा कमी, असा हा पेच होता.

विश्वेश्वरय्यांनी तो पेच दारांनी सोडविला. सांडव्यावर त्यांनी अशी दारे बसविली की ज्यांचा तोल वजनांनी साधलेला असे. पाणी ठरावीक पातळीपर्यंत येईतो दारे मिटलेली राहत व साठा वाढत जाई. पाणी त्या पातळीच्या वर गेले की तोल बदलून दारे आपोआप उघडत. पूर ओसरला की ती पुन्हा आपोआप मिटत. मध्यरात्री मुसळधार पावसात कोणी माणूस दार उघडावयास धावत येण्याची गरज उरली नाही. धरणाची भिंत न वाढविता सुमारे आठ फूट अधिक पाणी साठू लागले. या दारांचे पेटंट त्यांनी घेतले, परंतु सरकारी कामात त्यांचा वापर झाला म्हणून मिळू शकणारा मोबदला मात्र त्यांनी स्वीकारला नाही. आपण सरकारचे वेतन घेतो, तेव्हा याच कामासाठी आणखी पैसा घेणे उचित नव्हे, अशी त्यांची वृत्ती होती. पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा धरणावर व कृष्णराजसागरावरही अशी दारे बसविण्यात आली.

इ. स. १९०६ मध्ये एडन बंदराच्या पाणीपुरवठ्याची व सांडपाण्याची योजना आखण्यासाठी त्यांस पाठविण्यात आले. इ. स. १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारच्या नोकरीतून निवृत्ती घेतली व ते परदेशच्या प्रवासास गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी हैदराबाद येथे मुसी नदीस महापूर आला. नदीच्या वरच्या खोऱ्यात शेकडो लहानमोठे तलाव होते. अतिवृष्टीने एकामागून एक तलाव फुटत गेले आणि सर्व पाणी एकदम शहरावर आले. हजारो माणसे प्राणास मुकली, हजारो घरे जमीनदोस्त झाली.

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांस पाचारण केले. इ. स. १९०९ मध्ये ते हैदराबादेस आले. पूर येऊन गेल्यावर नदीकाठी उंच भिंती बांधा, असे कोणीही सांगेल. विश्वेश्वरय्यांनी आधी पावसाची मोजमापे गोळा केली, कोठे किती वेळात किती पाऊस पडला ते पाहिले, नदीस किती पाणी आले असेल याचा हिशेब मांडला आणि मग आपले मत दिले. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर शहराच्या वरच्या बाजूस दोन जलाशय बांधावेत आणि पुराचे पाणी तेथे काही काळ अडवून शहरातून जाईल तितकेच सोडावे, हा त्यांच्या सल्ल्याचा गाभा होता. या विचारातूनच उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. पूर थोपविणे म्हणजे सारे पाणी कायमचे अडविणे नव्हे. जो लोंढा काही तासांत यावयाचा तो काही दिवसांवर पसरून देणे, हे त्याचे खरे मर्म आहे. म्हणूनच अशा जलाशयात पाण्याइतकेच मोल रिकाम्या जागेलाही असते.

इ. स. १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. संस्थानातून वाहणाऱ्या कावेरीवर मोठे धरण बांधावे, ही त्यांची योजना होती. कावेरीवर शिवसमुद्रम येथे वीज निर्माण होत होती व ती कोलारच्या सोन्याच्या खाणींस पुरविली जात होती. पण उन्हाळ्यात नदी आटली की विजेचा भरवसा राहत नसे. धरण झाले तर विजेस नियमित पाणी मिळेल आणि कोरड्या प्रदेशात शेतीही होईल, असा हा दुहेरी विचार होता. खर्च मोठा होता. दरबारातील अनेकांस तो झेपेल असे वाटत नव्हते. अखेरीस महाराजा कृष्णराज वडियार यांनी योजनेस मान्यता दिली आणि १९११ मध्ये काम सुरू झाले.

याच वेळी खालच्या बाजूच्या मद्रास सरकारने हरकत घेतली. कावेरीच्या पाण्यावर तंजावरकडील भातशेती पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून होती. वर धरण झाले तर आपल्या शेतकऱ्यांनी काय करावे, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. आरंभी धरण कमी उंचीचे बांधण्याची परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणास पुरेल एवढा घातला. उद्या परवानगी मिळाली तर पुन्हा आरंभापासून बांधावे लागू नये, हा त्यांचा हिशेब होता. वाद लवादापुढे गेला, वरिष्ठ सरकारकडे गेला आणि अखेरीस १९२४ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला. धरणाची उंची किती असावी एवढेच त्या करारात लिहिलेले नव्हते. खालच्या बंधाऱ्यापाशी नदीस कोणत्या महिन्यात किती पाणी असले पाहिजे आणि ते भागल्यावरच वरच्या जलाशयात पाणी कसे अडवावे, याचे नियमही त्यास जोडले होते. म्हणजे धरण बांधणे ही अर्धीच गोष्ट. ते चालविण्याचे नियम ठरविणे, ही उरलेली अर्धी. पुढे दोन्ही प्रांतांत कावेरीचा तंटा पुन्हा पुन्हा उद्भवला, यावरून ही दुसरी अर्धी किती कठीण आहे हे दिसते.

कृष्णराजसागर धरण १९३१ च्या सुमारास पूर्णत्वास गेले. त्याची लांबी सुमारे ८,६०० फूट व उंची सुमारे १३० फूट आहे. सिमेंटऐवजी सुरखीचा चुना वापरून ते बांधले आहे. या पाण्याने मंड्याच्या कोरड्या प्रदेशात ऊस आणि भात डोलू लागले. मधल्या काळात, म्हणजे १९१२ ते १९१८ पर्यंत, विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. शाळा, विश्वविद्यालय, बँक, कारखाने अशा अनेक संस्थांचा पाया त्यांनी घातला. इ. स. १९१५ मध्ये त्यांस सर ही पदवी मिळाली.

दिवाणपद सोडल्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही. इ. स. १९३७ च्या सुमारास ओरिसा प्रांत महानदीच्या पुरांनी गांजला होता. तेव्हा पंचाहत्तरी गाठलेल्या विश्वेश्वरय्यांनी त्या पुरांचा अभ्यास करून खोऱ्यात मोठे जलाशय बांधण्याचा सल्ला दिला. त्याच विचाराचे फळ म्हणजे १९५७ मध्ये देशास अर्पण झालेले हिराकूड धरण होय. नव्वदी उलटल्यावरही गंगेवरील पुलाची जागा निवडण्यासाठी ते बिहारात हिंडले. इ. स. १९५५ मध्ये भारत सरकारने त्यांस भारतरत्न ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभर वर्षे ओलांडून, बंगळूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची जन्मतिथी आज देशभर अभियंता दिन म्हणून पाळली जाते.

त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी पुण्यावर एक भीषण आपत्ती कोसळली होती. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. ज्या धरणास विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी आपोआप उघडणारी दारे बसविली होती तेच हे धरण. ठरावीक पातळीच्या वर चढलेले पाणी दारे सोडून देऊ शकतात. परंतु वरचे अख्खे धरण वाहून आले तर त्यास कोणते दार पुरणार? एका नदीवरील धरणांचा विचार एकेकटा करून भागत नाही, साऱ्या खोऱ्याचा विचार एकत्र करावा लागतो, ही जाणीव त्या दिवशी महाराष्ट्रास फार मोठी किंमत देऊन झाली.

आता आपल्या तापीकडे वळू. इ. स. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या महापुराने सुरत बुडाली, तेव्हा उकाई धरण पुरे झालेले नव्हते. ते १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी शंभराहून अधिक गावांस आपल्या जमिनी व घरे सोडावी लागली. त्यांत आदिवासी बांधव फार होते, हे आपण विसरू नये. उकाईस २२ दारे आहेत आणि त्याची पूर्ण पातळी ३४५ फूट आहे. या एका जलाशयाकडून शेतीस पाणी, वीज, शहरास व कारखान्यांस पाणी आणि सुरतेचे पुरापासून रक्षण एवढ्या गोष्टींची अपेक्षा आहे. पहिल्या तिन्ही गोष्टींस धरण भरलेले हवे. चौथीस मात्र त्यात रिकामी जागा हवी.

हा विरोध मिटविण्यासाठी जलाशयाच्या पातळीचे वेळापत्रक आखलेले असते. पावसाळ्याच्या आरंभी पातळी पूर्ण पातळीच्या बरीच खाली ठेवावयाची, जसजसा पावसाळा सरत जाईल तसतशी ती वर चढवावयाची आणि पाऊस संपता संपता धरण पूर्ण भरावयाचे, असे हे वेळापत्रक असते. जुलै-ऑगस्टमध्ये धरण रिकामे दिसले म्हणजे पाणी वाया घालविले असे नव्हे. ती जागा येणाऱ्या पुरासाठी राखून ठेवलेली असते. परंतु अधिकाऱ्याच्या मनात दोन्ही बाजूंनी भय असते. आज पाणी सोडले आणि पुढे पाऊस पडलाच नाही, तर वर्षभर शेतकरी दोष देणार. आज सोडले नाही आणि उद्या लोंढा आला, तर शहर बुडणार.

ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेने या दुसऱ्या भयाचा अनुभव घेतला. वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला आणि उकाईहून सुमारे ९ लाख क्यूसेक, म्हणजे दर सेकंदास ९ लाख घनफूट, इतके पाणी सोडणे भाग पडले. शहरातील पात्रात सुखरूप मावेल त्याहून ते कितीतरी अधिक होते. समुद्रास भरतीही होती. शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. लोक कित्येक दिवस माडीवर व गच्चीवर अडकून पडले. आपल्या घरांतील वडीलधारी माणसे त्या दिवसांच्या हकिकती अजून सांगतात. धरणाने त्या पुराचा काही भाग अडविला, हे खरे. पण आधीपासून थोडे थोडे पाणी सोडून अधिक जागा केली असती तर शहराचे दुःख कमी झाले नसते काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे आणि तो योग्यच आहे.

विश्वेश्वरय्यांचे चरित्र वाचावयाचे दुसरे कारण ते हेच. त्यांनी बसविलेली दारे पातळी वाढली की आपोआप उघडत. परंतु पातळी वाढण्याच्या आधी, आकाश निरभ्र असताना, पाणी सोडावे की न सोडावे, हा निर्णय कोणतेही दार करू शकत नाही. तो माणसासच करावा लागतो. त्यासाठी मध्य प्रदेशात किती पाऊस पडला, हतनूरच्या धरणातून किती पाणी सुटले, ते उकाईस केव्हा पोचेल, सुरतेस भरती केव्हा आहे, या साऱ्याची मोजमापे वेळेवर हाती यावी लागतात. आज ही माहिती क्षणात पोचविण्याची साधने आहेत. तथापि मोजमापावर विश्वास ठेवून वेळेवर निर्णय घेणारे मन साधनांबरोबर विकत मिळत नाही.

विद्यार्थिमित्रहो, शिकवण्या करून शिकलेल्या मुद्देनहळ्ळीच्या त्या मुलाने आयुष्यभर केले ते एवढेच. आधी मोजले, मग हिशेब मांडला, तो लोकांस समजावून सांगितला आणि पाणी वरच्यास व खालच्यास दोघांसही कसे पुरेल ते पाहिले. तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल. कदाचित उकाईच्या नियंत्रणकक्षात श्रावणातील एखाद्या रात्री तोच बसलेला असेल. त्याच्यासमोर पातळीचा आकडा असेल, वरच्या बाजूस आपल्या आजोबांचे खानदेश असेल आणि खालच्या बाजूस आपले घर असेल. त्या रात्री त्याचा हिशेब चुकू नये, म्हणून आजची गणिताची वही त्याने मन लावून सोडवावी.